मागील पानावरून पुढे

(मंडळाच्या वतीने मानवत येथे घेण्यात आलेल्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला ‘परदेशातील शिक्षण’ या विषयावर बोलण्यास सांगितले तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही बँकेतले कारकून. शिक्षण बी.ए.पर्यंत, तेही मराठी आणि इतिहास घेऊन. परदेश तर दूरच, आमची धाव मानवत रोड स्टेशनवरून मुंबईपर्यंत आणि तीही सहा डिसेंबरला. अशा माणसाने या विषयावर काय बोलावे? परंतु सचिव म्हणाले, “तुम्ही गेला नाहीत, पण जाऊन आलेल्यांचं तुम्ही ऐकलंय. तेवढंच सांगा.” म्हणून जे ऐकले आणि जे वाचले तेच या ठिकाणी मांडणार आहोत. अधिक-उणे झाल्यास सांभाळून घ्यावे.

गेल्या पावसाळ्यात आपल्या अभ्यासिकेत एक छोटी बैठक झाली होती. आपल्या भागातील जी मुले-मुली अलीकडे परदेशात शिकून आली, त्यांना बोलवावे आणि तिथले सत्र संपवून परत निघताना मनात काय होते ते विचारावे, एवढाच हेतू होता. हार नाही, फेटा नाही, माईक नाही. चहा आणि सतरंजी. तिघे आले. चौथा आला नाही. आजचे आमचे भाषण खरे म्हणजे त्या न आलेल्या चौथ्याविषयी आहे. परंतु आधी तिघांचे ऐकू.

पहिले दोघे परभणीच्या कृषी विद्यापीठातले. भारतीय कृषी अनुसंधान परिषद आणि जागतिक बँक यांच्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून त्यांना थायलंडमध्ये प्रशिक्षणाची संधी मिळाली होती. त्यातला एक म्हणाला, “काका, तिथं जे यंत्र दाखवलं, तसलंच आपल्याकडं बी आहे. फरक एवढाच, तिथं आम्हाला ते उघडू दिलं. मोडलं तर मोडलं म्हणाले.” दुसरा म्हणाला, “पहाटे भिक्खू रांगेनं भिक्षेला निघायचे. आपण पुस्तकात वाचलेलं रस्त्यावर चालताना बघितलं.” परत निघताना दोघांनाही एकच रुखरुख लागली होती : आता कुठे हात बसला होता आणि मुदत संपली.

तिसरी एक मुलगी. अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, एका सत्रासाठी जर्मनीत राहून आली. तिचे सत्र एप्रिलमध्ये सुरू झाले, त्यामुळे चौदा एप्रिलला ती तिथे अगदी नवखी होती. वसतिगृहाच्या खोलीत तिने एक मेणबत्ती लावली. शेजारच्या खोलीतल्या व्हिएतनामी मुलीने चौकशी केली आणि स्वतःजवळची बुद्धाची लहानशी तसबीर आणून शेजारी ठेवली. “दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्या दिवशी एकटं वाटलं नाही,” असे ती म्हणाली. जूनमध्ये तिथे रात्री दहाच्या सुमारापर्यंत उजेड असतो, तोवर ती ग्रंथालयात बसायची. पुस्तकांची कपाटे सगळ्यांना खुली. आपल्या हाताने काढायचे, वाचायचे.

सत्राच्या शेवटच्या दिवशी तिथल्या प्राध्यापकांनी वर्गातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. किती गुण मिळाले, असा तो प्रश्न नव्हता. “कोणता प्रश्न सोबत घेऊन घरी चालला आहात?” असा होता. मुलीने तिथे पाण्याच्या शुद्धीकरणासंबंधी काहीतरी उत्तर दिले. पण आपल्या सतरंजीवर बसून तिने खरे उत्तर सांगितले. ती म्हणाली, “सहा महिने माझं आडनाव कुणी विचारलं नाही. परत आले, शहरात खोली बघायला गेले, तर घरमालकीणबाईंचा पहिलाच प्रश्न आडनावाचा. माझा प्रश्न तोच आहे काका. तो मी जाताना पण घेऊन गेले होते, येताना पण घेऊन आले.”

मित्रहो, अभ्यासिकेत काही वेळ कोणी बोलले नाही.

परदेश म्हणजे सगळेच निर्मळ, असेही समजू नये. माणसे जातात तिथे जात सोबत जाते. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराच्या नगर परिषदेला २०२३ साली जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी करणारा नियम करावा लागला, तो उगीच नव्हे. तरीही जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा जागी काही महिने राहून माणसाची मान ताठ होते आणि परत आल्यावर ती पुन्हा वाकवायची पाळी येते, हा अनुभव आपल्याला नवा नाही. तो शंभर वर्षांपूर्वीचा आहे. १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्याला नोकरीवर रुजू होण्यास गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना राहण्यास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते उतरले आणि जात कळल्यावर लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना तिथून घालवून दिले. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. त्या मुलीचे आणि त्यांचे दुःख एकाच जातीचे, दुसरा शब्द आम्हाला सापडत नाही.

आता त्या चौथ्याविषयी. त्याचे नाव आम्ही सांगणार नाही. त्याने परवानगी दिली म्हणूनच बोलत आहोत. त्याचे कर्ज आमच्या शाखेत नव्हते, हेही स्पष्ट करतो.

हा मुलगा दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेला होता. जाताना आपण याच सभागृहात त्याचा सत्कार केला. हार घातला, फोटो काढले, भाषणे झाली. भाषण करणाऱ्यांत आम्हीही होतो. वडिलांची कोरडवाहू जमीन तारण होती. पुढे कापसाला भाव मिळाला नाही, रुपया घसरला, जमवलेल्या रकमेत जे बसेल असे वाटले होते ते बसेना आणि एक सत्र संपताच तो परत आला. कोणाला न सांगता आला. मोंढ्याच्या रस्त्यावर आम्हाला दिसला तेव्हा आम्ही हाक मारली, “काय रे, सुट्टीवर आलास का? परत कधी निघणार?” तो “बघू” म्हणाला आणि निघून गेला. दुसऱ्या वेळी दिसला तेव्हा त्याने रस्ता बदलला. मग तो अभ्यासिकेत यायचाही बंद झाला. बैठकीचा निरोप दिला तर आईने सांगितले, “लेकरू बाहेर निघना झालंय. समदे विचारतेत, काय आणलंस म्हणून.”

आम्ही घरी आलो आणि अपराधी वाटले. ‘परत कधी निघणार’ हा आमचा प्रश्न प्रेमाचा होता, पण त्याला तो वसुलीच्या नोटिशीसारखा लागला असणार. जाताना आपण हार घालतो. अर्धवट राहून जो परत येतो, त्याच्यासाठी आपल्याकडे काय आहे? एक शब्दही नाही.

त्या रात्री आम्ही धनंजय कीरांनी लिहिलेले बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा उघडले. जयंतीला आपण बाबासाहेबांच्या पदव्या एका दमात म्हणतो. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. मुलांना त्या तोंडपाठ आहेत. परंतु त्या पदव्यांच्या मधल्या तारखा आपण वाचत नाही. आम्ही कारकून, आमची नजर तारखांवर जाते. विद्यार्थी मित्रांनो, त्या तारखा आता नीट ऐका.

१९१३ च्या जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. १९१५ साली ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींसंबंधीचा प्रसिद्ध निबंध त्यांनी कोलंबिया विद्यापीठात वाचला. त्याच वर्षी त्यांनी अमेरिका सोडली. पण पीएच.डी.ची पदवी हातात नव्हती! प्रबंध छापून सादर केल्याशिवाय ती मिळत नसे. तो ग्रंथ १९२५ साली लंडनला छापला गेला आणि पदवी मिळाली १९२७ साली. म्हणजे कोलंबिया सोडल्यानंतर अकरा वर्षांनी.

१९१६ साली ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, असा दुहेरी अभ्यास सुरू केला. वर्षही पुरे झाले नाही तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परत येण्याचा आदेश झाला. आपल्या भाषेत सांगायचे तर बाबासाहेबांचे लंडनमधले पहिले शिक्षण अर्धवट राहिले. महायुद्धाचे दिवस होते. ज्या बोटीत त्यांचे सामान होते ती बोट टॉर्पेडोच्या माऱ्याने बुडाली. ते स्वतः दुसऱ्या बोटीने कोलंबोमार्गे २१ ऑगस्ट १९१७ रोजी मुंबईस पोचले. सामानाचा विमा उतरवलेला होता, त्याच्या भरपाईचे सहाशे रुपये आले. त्यातले काही घरखर्चासाठी रमाईंच्या हाती ठेवून उरलेल्या पैशांत ते बडोद्याला गेले, असे कीरांनी नोंदवले आहे.

म्हणजे पाहा. पीएच.डी.ची पदवी नाही, लंडनची पदवी नाही, बॅरिस्टर नाही, सामान समुद्रात आणि बडोद्यात राहायला खोली नाही. १९१७ सालच्या त्या तरुणाला कोणी विचारले असते, “काय आणलंस?”, तर तो काय दाखवणार होता?

एक गोष्ट मात्र त्याने आणली होती. लंडन सोडताना त्याने विद्यापीठाकडून लेखी परवानगी घेतली होती. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे सुरू करता येईल, अशी ती परवानगी. मित्रहो, आमच्या मते त्या साली बाबासाहेबांच्या हाती असलेली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे तो कागद होता.

पुढचे तुम्हाला माहीत आहे. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी. काटकसर करून शिल्लक टाकली. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले. रमाईंनी इकडे संसार ओढला. आणि जुलै १९२० मध्ये, म्हणजे चार वर्षांची मुदत संपण्याच्या आत, ते पुन्हा लंडनच्या बोटीत बसले. १९२१ साली एम.एस्सी. झाले. जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव दाखल केले, परंतु तिथला अभ्यास काही पुरा होऊ शकला नाही. लंडनचा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी फेरफार करण्यासाठी परत दिला आणि पैसे संपल्यामुळे एप्रिल १९२३ मध्ये त्यांना मुंबईला यावे लागले. इथे बसून त्यांनी तो प्रबंध पुन्हा लिहून पाठवला, तेव्हा त्याच वर्षाच्या शेवटी पदवी मिळाली. तो प्रबंध म्हणजेच रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ. त्याला प्रस्तावना लिहिणाऱ्या प्राध्यापक कॅनन यांनी आपले मतभेदही त्यात मोकळेपणाने नोंदवले आहेत. आम्हा बँकेतल्या माणसांना हा ग्रंथ विशेष जवळचा, कारण ज्या नोटा आम्ही रोज मोजतो, त्यांच्या किमतीचा विचार त्यात आहे.

आता या तारखांचा अर्थ काय? आमच्या कामातले एक उदाहरण देतो. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा जाडजूड लेजरच्या वह्या कपाटात जाऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या जागी संगणक आले होते. पण जुने खाते बघायचे झाले की ती वही काढावी लागे. त्या वहीत पान भरले की खाते बंद होत नसे. पानाच्या तळाशी शिल्लक मांडायची आणि नव्या पानाच्या डोक्यावर ‘मागील पानावरून’ असे लिहून तीच रक्कम उतरवायची. पान संपणे आणि खाते संपणे या दोन वेगळ्या गोष्टी. नव्याने लागलेल्या माणसाला वरिष्ठ पहिल्यांदा हेच शिकवत. जो कारकून तळाची शिल्लक न मांडता पान उलटतो, त्याचा हिशेब पुढे कधीच जुळत नाही.

बाबासाहेबांचे परदेशातले एकेक पान संपत गेले, पण तळाची शिल्लक मांडल्याशिवाय त्यांनी पान उलटले नाही. न्यूयॉर्कची बाकी १९२७ ला फिटली, लंडनची १९२३ ला. बॉनची बाकी तशीच राहिली आणि त्यामुळे त्यांचे काही उणे झाले नाही. अर्धवट राहणे ही लाजेची गोष्ट असेल, तर हा दोष आपल्या सर्वांत मोठ्या विद्यार्थ्याच्या खात्यातही आहे. आपण त्यांच्या पदव्यांची यादी पाठ केली आणि त्यांचा धीर मात्र पाठ करायचा राहून गेला.

सत्र संपले म्हणजे शिक्षण संपले नाही, याचे उलट दिशेने आलेले एक उदाहरणही आपल्या महाराष्ट्रात आहे. गेल ऑम्व्हेट ही अमेरिकन मुलगी १९६३ साली कॉलेजचे शिक्षण संपवून शिष्यवृत्तीवर भारतात आली आणि मुदत संपल्यावर परत गेली. पण इथला प्रश्न तिने सोबत नेला होता. म्हणून ती पुन्हा आली, सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर तिने प्रबंध लिहिला, पुढे भारताची नागरिक झाली आणि २०२१ साली सांगली जिल्ह्यातल्या कासेगावी तिने शेवटचा श्वास घेतला. जर्मनीतल्या त्या प्राध्यापकांचा प्रश्न तिला कोणी विचारला असता, तर तिचे उत्तर आयुष्यभराचे निघाले असते.

एवढे वाचून झाल्यावर आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. उपदेश करायचा नाही, असे ठरवून गेलो. त्याच्या वहीत काय आहे ते दाखव, एवढेच म्हणालो. त्याने तिथल्या सत्राच्या चार वह्या काढल्या. आम्हाला त्यातले फार कळले नाही, परंतु पाने भरलेली होती, समासात टिपा होत्या. मग आम्ही कारकुनी प्रश्न विचारला, “निघताना विद्यापीठाला काय लिहून दिलंस?” तो म्हणाला, “काहीच नाही, काका. कोणत्या तोंडानं लिहू?” पोराने शिल्लक न मांडता पान उलटले होते!

त्याच बैठकीत आम्ही दोघांनी मिळून पत्र तयार केले. इंग्रजी त्याचे, नेट आमचा. आर्थिक अडचणीमुळे खंड पडला आहे, पूर्ण केलेल्या सत्राचे गुणपत्रक मिळावे आणि परत रुजू होण्याची मुदत कळवावी, असा मजकूर. तीन आठवड्यांनी उत्तर आले. गुणपत्रक मिळाले आणि ठरावीक मुदतीत परत आल्यास तिथून पुढे शिकता येईल, असेही कळवले आहे. तो आता परभणीला एका शिकवणीत शिकवतो आणि दरमहा काही रक्कम बाजूला टाकतो. तो परत जाईलच, असे आम्ही आज सांगू शकत नाही. कर्ज आहे, जमीन अडकलेली आहे, वडिलांचे वय झाले आहे. पण तो अभ्यासिकेत येऊ लागला आहे. संध्याकाळी दहावीच्या मुलांचे गणित घेतो. आणि आम्हाला पाहून रस्ता बदलत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून आटोपते घेतो.

पहिली गोष्ट, जाण्यापूर्वी पैशाचा हिशेब डॉलरच्या किंवा युरोच्या आजच्या भावाने करू नका. २०१४ साली साठ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २०२४ मध्ये त्र्याऐंशीच्या पुढे गेला होता. तुमच्या दोन वर्षांत तो किती चढेल हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून हिशेबात मोकळी जागा ठेवा. शैक्षणिक कर्जाची परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होते, परंतु व्याज पहिल्या दिवसापासून चढते, हे घरच्यांना समजावून सांगा.

दुसरी गोष्ट, कर्जाआधी शिष्यवृत्तीचे दार ठोठवा. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. आपल्या राज्याची परदेश शिष्यवृत्ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे. ज्यांनी १९२० साली एका अर्धवट राहिलेल्या विद्यार्थ्याला हात दिला, त्यांच्याच नावाने ती असावी, हे योग्यच आहे. अटी दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर राहू नका.

तिसरी गोष्ट, एका सत्रासाठी जा किंवा दोन वर्षांसाठी जा, परत निघताना गुणपत्रक आणि अडचण असेल तर खंडाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय निघू नका. आपल्या देशातही २०२१ पासून विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा ठेवणारी बँक सुरू झाली आहे. ‘बँक’ हा शब्द तिथे उगीच आलेला नाही. मिळवलेले जमा राहते, मात्र त्याची पावती पाहिजे.

चौथी गोष्ट तुमच्यासाठी नाही, ती आम्हा मोठ्यांसाठी आहे. यापुढे मंडळाने जाणाऱ्याचा सत्कार करावा, तसा येणाऱ्यासाठी एक दिवस ठेवावा, मग तो पदवी घेऊन आलेला असो की नसो. हार नको. सतरंजी टाकावी, चहा करावा आणि त्याला ‘काय आणलंस’ असे न विचारता ‘कोणता प्रश्न घेऊन आलास’ असे विचारावे. त्याच्या वह्या अभ्यासिकेत ठेवून घ्याव्यात. त्याचा प्रश्न एका रजिस्टरमध्ये लिहून ठेवावा. आज त्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर त्या मुलीचा आडनावाचा प्रश्न लिहिलेला आहे. त्याच्याखाली बाकी मांडलेली आहे. ती एकट्या तिची बाकी नाही, आपल्या सगळ्यांच्या खात्यावरची आहे. आपल्या पिढीकडून ती फिटली नाही, तर निदान पुढच्या पानाच्या डोक्यावर स्वच्छ अक्षरात उतरवून द्यावी, एवढीच नम्र विनंती.



नमो बुद्धाय! जयभीम!